मदत हवी आहे: भारतीय फुटबॉलच्या जुन्या दिग्गजांचे फोटो

नागपुरात मोहननगर, कामठीकडची पोरं मेस्सीची जर्सी घालून मैदानात उतरतात, पण चुनी गोस्वामींचा चेहरा ओळखत नाहीत. म्हणून आमच्या क्लबच्या खोलीत 12 बाय 18 इंची फ्रेम लावायच्या आहेत. हवे आहेत पीटर थंगराज, तुलसीदास बलराम, शेवू मेवालाल आणि नेव्हिल डिसूझा.

डिसूझांचा तर हवाच! मुंबईत टाटाकडून खेळणारा हा माणूस. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक, सामना 4-2, आणि भारत चौथा.

खरी अडचण ओळखीची आहे. 1951 आणि 1962 ही दोन्ही एशियाडची सुवर्णं, त्यामुळे फोटोंखालची नावं सर्रास उलटसुलट होतात. अनवाणी खेळाडू दिसले तर फोटो 1952 च्या हेलसिंकीपर्यंतचा समजा. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. 1962 च्या जकार्ता फायनलमध्ये जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना सेंटर फॉरवर्ड खेळले आणि गोलही केला. त्याआधीचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दक्षिण कोरिया 2-1 ने हरला. त्या सामन्यातला जर्नेल यांचा फोटो कोणाकडे आहे का?

स्कॅन किमान 3600 बाय 5400 पिक्सेलचा लागेल, नाहीतर छपाईत चेहरे फुटतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर तारखेसकट स्कॅन करा.

आणखी एक: खिडकीतून दुपारचं ऊन थेट भिंतीवर येतं. साध्या काचेमागे रंग उडतील. यूव्ही (अतिनील) किरणं अडवणारी काच सीताबर्डी-इतवारीत कुठे मिळेल, सांगा ना.