हप्त्याला ४० टक्क्यांची मर्यादा म्हणे! मग मुंबईत घर कुणी घ्यायचं?

गिरणगावकर
काल इथे 'रिकामं पाकीट' यांनी लिहिलं, की हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता बसत असेल तर बँकेने गृहकर्ज देऊच नये, असा सरकारी नियम हवा. लोक म्हणे ऐपतीबाहेरची घरं घेतात. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. निम्म्यांची घरं वडिलांनी घेतलेली असणार, पैज लावतो.

हिशोब करा. घर १ कोटीचं, कर्ज ७५ लाख, ८ टक्के, २० वर्षं. हप्ता जवळपास ६२,७००. तुमच्या नियमाने हातात महिना १ लाख ५७ हजार हवेत. ७५ लाखांच्या वर कर्ज गेलं तर रिझर्व्ह बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे जाऊच देत नाही. मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे २५ लाख स्वतःचे, वर ६ लाख स्टँप ड्यूटी, ३० हजार नोंदणी. एवढं जमवून आलेल्या माणसाची ऐपत अजून किती तपासायची?

आणि मी ३५ हजार भाडं इतकी वर्षं बिनबोभाट भरतोय, ते कुणाच्या टक्केवारीत बसतं?

रिकामं पाकीट
घर वडिलांचं नाही, माझंच आहे. म्हणून तर बोलतोय.

२०२१ मध्ये ५० लाख घेतले, पावणेसात टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता ३८ हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो, ४ वरून साडेसहावर गेला. माझा दरही तसाच अडीच टक्क्यांनी चढला. सव्वानऊ टक्क्यांनी ५० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच साडेअडतीस हजार होतं! मुद्दल थोडं फिटलं होतं म्हणून वाचलो. बँकेने मला न विचारता मुदत वाढवून ठेवली, निवृत्तीच्या पार पुढे. स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं. कर्ज देताना "साहेब, अजून ५ लाख बसतात, मॉड्युलर किचन करून घ्या" म्हणणारा पोरगा तेव्हा फोन उचलत नव्हता.

पासबुक
आयुष्यभर कर्ज विभागात होतो, म्हणून दोन शब्द. गृहकर्जाच्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेने टक्का ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँकेचं धोरण तिचं संचालक मंडळ ठरवतं. आम्ही टक्क्यापेक्षा हातात काय उरतं ते बघायचो. दोन लाखवाल्याचे ६० टक्के गेले तरी ८० हजार उरतात. पंचवीस हजारवाल्याचे ४० टक्के गेले तर १५ हजारांत त्याने काय खायचं? एकच आकडा दोघांना लावणं म्हणजे दोघांना एकाच मापाची चप्पल.

पाकीटराव, तुमच्यासारख्या तक्रारींनंतरच रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. आणि पुढे दर वाढले तर पेलवेल का, हे मंजुरीच्या वेळीच बघायचं. नियम आहे. पाळतात का, ते मला विचारू नका, मी सुटलो.

चौथा मजला
अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर कायदा केलाच ना? ऐपत न तपासता कर्ज दिलं तर सावकारच अडचणीत.

गिरणगावकर
केला. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या गृहकर्जासाठी सगळे हप्ते उत्पन्नाच्या ४३ टक्क्यांच्या आत, अशी रेघ आखली, आणि २०२० च्या डिसेंबरात ती पुसून कर्जाच्या व्याजदरावर आधारित निकष आणला. ऐपत तपासायची जबाबदारी ठेवली, आकडा सोडला. आपण तो आता उचलायचा?

खमंग
पगार-पगार काय लावलंय सगळ्यांनी? लालबागला आईचं पोळीभाजी केंद्र आहे. कामाला चार बायका आहेत, त्यांचा पगार कधी चुकला नाही. पण घरासाठी गेलो तर एका खासगी बँकेने आयटीआर, म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र, बघून फाईल परत केली. त्याच आठवड्यात त्याच बँकेकडून आईला पर्सनल लोनचा मेसेज!

टीडीएस पीडित
ताई, आयटीआरमध्ये उत्पन्न किती दाखवलं होतं?

खमंग
३ लाख ४० हजार.

टीडीएस पीडित
हा हा. म्हणजे इन्कम टॅक्सला सांगायचं पोट भरत नाही, आणि बँकेला सांगायचं धंदा जोरात आहे. आमचा कर पगार हातात यायच्या आधीच टीडीएस म्हणून कापला जातो. बँकेने तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

खमंग
तोंड सांभाळून बोला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४४एडी वाचा. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के नफा दाखवायची मुभा कायद्यानेच दिली आहे, डिजिटल जमेवर ६ टक्के. सीएने तसंच भरलं. आई पहाटे चारला उठते, चोरी करायला नाही.

टीडीएस पीडित
८ टक्के किंवा खरा नफा, जो जास्त असेल तो! हे सीए सांगत नाहीत. पोळीभाजीत ८ टक्केच सुटत असते तर तुम्ही घर बघायला गेलाच नसता.

पासबुक
टीडीएसराव, सूर चुकतोय, पण मुद्दा खोटा नाही. बँकेच्या हातात कागदच असतो. खमंगताई, गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे देतं ना? वर्षभराची जमा दाखवा, पुढची दोन विवरणपत्रं नीट भरा. काही गृहवित्त कंपन्या दुकानावर येऊन गल्ला, कच्चा माल, गिऱ्हाईक बघून उत्पन्न ठरवतात. दर मात्र चढा लावतात.

खमंग
म्हणजे जिला कागद कमी तिनेच व्याज जास्त भरायचं. छान.

चौथा मजला
गंमत अशी की २०२२ पासून मायक्रोफायनान्सला, म्हणजे गरीब कुटुंबांच्या बिनतारण छोट्या कर्जांना, टक्का आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. भाजीवालीला रेघ, टॉवरवाल्याला मोकळं रान.

रिकामं पाकीट
हेच तर मी म्हणतोय! तिला संरक्षण, मला का नाही?

गिरणगावकर
बरं बाबा, घ्या संरक्षण. पण ४० नाही, ५०. त्यात मार्जिनसाठी, म्हणजे घराच्या किमतीतल्या स्वतःच्या वाट्यासाठी, पतपेढीतून उचललेलं कर्जही धरा, कारण खरी फास तिथे बसते. आणि वेळेवर भरलेलं भाडं ऐपतीचा पुरावा माना. एवढं होणार असेल तर तुमच्या पोस्टवर वाहवा करायला पहिला मी.

रिकामं पाकीट
भाड्याचं मान्य. ५० मात्र जास्त आहेत, शाळेची फी भरून बघा एकदा.

टीडीएस पीडित
भाड्याचा पुरावा आणणार कुठून? निम्मे घरमालक भाडं रोख मागतात, तेही आयटीआरमध्ये दिसत नाही.

खमंग
झालं, आता घरमालकांचा नंबर.