डाव्या पुढच्या टायरची फक्त आतली कडच का झिजतेय?

प्रश्न
नमस्कार. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली होती म्हणून दिसलं, नाहीतर कळलंच नसतं. डाव्या पुढच्या टायरची आतली कड पार गोटा झालीय, एका जागी तारा दिसायला लागल्यात. बाहेरून मात्र नक्षी शाबूत आणि उजवा टायर व्यवस्थित. गाडी कुठे ओढत नाही, स्टेअरिंग सरळ, हवा वेळेवर तपासतो. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मागच्याच सर्व्हिसिंगला केली होती, पावतीवर ‘ओके’ लिहिलंय. आता नवीन टायर टाकून परत अलाइनमेंट करू, की आधी आणखी काही बघायला हवं?

प्रतिसाद १
हवेचा दोष नाही हा. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. चाकाच्या वजनाचं बॅलन्सिंग बिघडलं असतं तर ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरलं असतं. आणि तारा दिसत असलेल्या टायरवर गाडी चालवू नका, आजच स्टेपनी लावा.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षं अलाइनमेंटच्या मशीनवर काम करतोय. टायरवर हात फिरवल्याशिवाय मशीन चालू करत नाही. तुम्हीही करून बघा, फक्त तारा निघाल्यात तिथे हात नको, बोट फाटेल. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत आणि उलट येताना करवतीसारखं खरखरीत लागलं, तर चाकांच्या दिशेचा, म्हणजे ‘टो’चा घोळ आहे. दोन्हीकडून सारखंच लागलं आणि टायर एका बाजूला उतरता झिजलेला असेल, तर कॅम्बर बघायचा, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा किती आत कललाय ते.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. एका चाकात २० मिनिटांची, म्हणजे एक तृतीयांश अंशाची चूक असली, तरी हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला जवळपास ६ मीटर आडवं घासतं. हातात स्टेअरिंग धरून हे कळत नाही, कारण दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध सारखीच ओढतात आणि गाडी सरळ जाते. म्हणून नुसत्या टोची झीज बहुतेक वेळा दोन्ही टायरवर दिसते. तुमची एकाच बाजूला आहे, त्यामुळे मला डाव्या बाजूच्या पार्ट्सवरच संशय आहे.

मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलं असेल तर उभ्या गाडीत आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येऊ शकतात, पण ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं. तेव्हा आतली कडच रस्त्यावर घासते. ‘ओके’ लिहिणाऱ्याने पहार लावून बुश हलवून पाहिलं होतं का, हे विचारा. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीतून ॲडजस्टेबल नसतो, नुसता टो लावून गाडी सोडून देतात. त्यामुळे प्रिंटआउट मागाच, आधीचे आकडे आणि नंतरचे, दोन्ही.

प्रश्नकर्ता
हात फिरवला, थोडी खरखर आहे. मेकॅनिककडे नेऊन पहार लावून बघितलं, तर डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश उभं फाटलेलं निघालं, आर्म सहज सरकतो. आता बुश बदललं की झालं ना?

प्रतिसाद २
बुश बदलाच, पण त्याचा बोल्ट शेवटचा कसताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. चाक लोंबकळत असताना कसला तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक घाईत असतो, तुम्ही शेजारी उभे राहून सांगा. त्याच वेळी चाक उचललेलं असताना घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बहुधा टाय रॉड एंडचा (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), १२ आणि ६ ला लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) किंवा बेअरिंगचा. हे सगळं घट्ट झाल्याशिवाय अलाइनमेंट करू नका, पैसे पाण्यात जातील.

पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घाला. हवा थंड टायरला बरोबर भरा आणि मगच गाडी रॅम्पवर. स्टेअरिंग मधोमध लॉक करून आधी कॅम्बर बघायला सांगा, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर बदलला की टोही बदलतो. प्रिंटआउट मिळाला की आकडे इथे टाका, मी बघतो.