मदत हवी आहे: आईची झोपेची गोळी आणि विसरणं

नमस्कार मंडळी, प्रश्न आईबद्दल आहे. वय 67, सोलापूरला एकटी असते, मी पुण्यात. 2 वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तिला झोपच लागेना म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलाम 0.5 दिली, 15 दिवसांसाठी, आणि ती अजून चालूच आहे, मेडिकलवाला आधी जुनी चिठ्ठी बघून द्यायचा आता न बघताच पट्टी काढतो. चूक आमचीही, कोणी विचारलंच नाही.

गेले 4-5 महिने रात्री फोनवर बोललेलं तिला सकाळी आठवत नाही. अर्धवट आठवतं असंही नाही, फोन आलाच नव्हता म्हणते. परवा दिवाळीच्या तिकिटांचं बोललो, तिने स्वतः गाडीचा नंबर लिहून घेतला आणि सकाळी मलाच विचारते, हे कागदावर कोणी लिहिलं गं? अक्षर तिचंच. माझ्या पोटात गोळा आला.

आणि ती भजनी मंडळात आहे, पन्नासेक अभंग तोंडपाठ, ते आजही न अडखळता म्हणते. पण नवा एक 3 आठवडे घोकतेय, दुसऱ्या चरणाला वही लागतेच. हल्ली जायचंच टाळते.

वहिनी म्हणते डिमेन्शियाची सुरुवात, दादा म्हणतो गोळी आजच बंद कर. कोणाच्या घरी असं झालंय का? न्यूरोकडे (मेंदूच्या डॉक्टरांकडे) न्यायचं की आधी गोळीचं बघायचं?

प्रतिसाद 1
दादांना आधी थांबवा! 2 वर्षांची गोळी एकदम बंद केली तर झोप पार उडते, घबराट होते, फिट्ससुद्धा येऊ शकतात. डॉक्टरच हळूहळू डोस उतरवतात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. आणि मेडिकलवाल्याला ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची परवानगीच नाही, शेड्यूल एच1 या सरकारी यादीतली आहे.

प्रतिसाद 2
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. अल्प्राझोलामच्या गटातल्या (बेन्झोडायझेपाइन) गोळ्यांनी जुनं पुसलं जात नाही, गोळी घेतल्यानंतरचं नवीन साठवलंच जात नाही. एंडोस्कोपीच्या आधी मिडाझोलाम देतात ना, पेशंट डॉक्टरांशी बोलतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही, ती याच गटातली. जुने अभंग शाबूत आणि नवा बसत नाही, हे त्यात बसतं. शिवाय गोळीने झोप लागते पण गाढ झोपेचा भाग कमी होतो, आणि दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला तीच लागते. वयामुळे औषध शरीरातून उशिरा जातं, म्हणून सकाळीही गुंगी राहते. अमेरिकेत वयस्कर लोकांनी टाळायच्या औषधांची बीअर्स यादी आहे, तिच्यात 65 च्या पुढे या गोळ्या टाळा असंच आहे, रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती वेगळीच. तरी डिमेन्शिया नाहीच असं इथे बसून कोणी सांगू नये. बी12, थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि एक सांगा, गोळी किती वाजता घेतात, फोन किती वाजता करता?

धागाकर्ती
गोळी साडेनऊला. आणि मी ऑफिस, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास सगळं उरकून फोन करते तेव्हा सव्वादहा वाजलेले असतात. रविवारी सकाळी बोलतो ते तिला सगळं आठवतं, आत्ता लिहिताना लक्षात आलं. शनिवारी जातेय सोलापूरला, पट्टी आणि ती जुनी चिठ्ठी घेऊन तिला डॉक्टरांकडे नेते. फोन आजपासून संध्याकाळी 7 ला.