ढेकरावरचा कर टळला, मग बिल कोणाच्या नावावर?

हिशेबनीस:
न्यूझीलंड सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगून टाकलं, शेतीतल्या मिथेनवर, म्हणजे गाई-मेंढ्यांच्या ढेकरांतून निघणाऱ्या हरितगृह वायूवर, कर लावणार नाही. २०५० पर्यंत मिथेन २४ ते ४७ टक्के घटवायचा होता, आता १४ ते २४. २००३ मध्ये अशाच कराविरुद्ध एक खासदार ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला होता. २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्या सरकारने पुन्हा कराचा आराखडा आणला, पुन्हा ट्रॅक्टर रस्त्यावर. देशाचे जवळपास निम्मे हरितगृह वायू शेतीतून येतात आणि नेमकी तीच हिशेबाबाहेर! मला तरी हा सरळसरळ डेअरीवाल्यांचा दबाव वाटतो.

वायकाटोकर:
दबाव म्हणून मोकळं व्हायला काय जातं? आम्ही वायकाटोचे, न्यूझीलंडच्या दुधाच्या पट्ट्यातले; इथली शेतीची अनुदानं १९८४ पासून बंद झाली. दूध बहुतेक निर्यातीला, भाव जगाच्या बाजारात ठरतो. कर गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. आमच्या गाई घटल्या तर तेच दूध दुसरा देश विकेल. शिवाय मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कळप वाढत नसेल तर तापमानात नवी भर फारशी पडत नाही.

हिशेबनीस:
बारा वर्षांत जातो म्हणूनच आधी तो कमी करा ना, फरक लवकर दिसेल! २०२१ मध्ये ग्लासगोत मिथेन घटवायच्या जाहीरनाम्यात न्यूझीलंड सामील झाला होता. भारत झाला नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्यासाठी ते मला पटतं. शेकडो गाईंच्या गोठ्याला तीच सबब?

वायकाटोकर:
गोठे कुठले? इथे गाई जवळजवळ वर्षभर कुरणातच असतात.

टेकडीवरचा:
तुम्ही दोघंही गाईंवर अडलात. मरण मेंढीवाल्याचं आहे. १९८२ मध्ये सात कोटी मेंढ्या होत्या, आज अडीच कोटीही नाहीत. सगळा दोष कार्बनचा नाही. लोकरीचा भाव पडला, डेअरी फोफावली. पण आता बघा. कार्बन बाजारात प्रदूषण करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते; शेती त्याबाहेर, म्हणून भार पेट्रोल-विजेवाल्यांवर. ते पाइनची झाडं लावणाऱ्यांकडून क्रेडिट, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनची पावती, विकत घेतात. पाइन लागतो मेंढ्यांच्या डोंगरउतारावर. म्हणजे ज्याला कर माफ, त्याच्याच शेजारची मेंढवाडी विकली जाते आणि गावातली शाळा ओस पडते. अखेर २०२५ मध्ये अशा लागवडीवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. मोर्च्यांत मात्र कराचा आणि पाइनचा अशा दोन्ही रागांची मोट एकाच घोषणेत बांधली गेली, आणि फायदा झाला डेअरीचा.

वायकाटोकर:
पाइनचं मान्य. पण त्यावर इलाज म्हणजे क्रेडिटवर लगाम घाला, आमच्यावर कर कशाला?

हिशेबनीस:
डेन्मार्कने लावलाच ना? २०३० पासून उत्सर्जनाच्या टनाला ३०० क्रोनर (तिथलं चलन), त्यात ६० टक्के वजावट, म्हणजे प्रत्यक्षात १२०. वाटाघाटीला शेतकरी संघटना बसली होती.

वायकाटोकर:
डेन्मार्कच्या शेतकऱ्याला युरोपियन युनियनचं अनुदान मिळतं. तेवढं आम्हाला द्या, मग १२० क्रोनरवर बोलू.