भीतीही कमी करायचीय आणि पसाराही. ख्रिस्ती दृष्टीने काय वाचू?

पहाटवारा:
नमस्कार, जरा सल्ला हवाय. वर्षभर झालं, रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग नोकरी गेली तर, आईला काही झालं तर, हप्ते थकले तर, हेच चालू. दिवसा जिवाला बरं वाटावं म्हणून ऑनलाइन काहीतरी मागवत बसते, आता कपाट उघडलं की अंगावर येतं. प्रार्थना करते पण तीही देवाला काळजीची यादी वाचून दाखवल्यासारखी होते. कुणाला सांगावं तर "विश्वास कमी पडतोय" ऐकावं लागतं. ख्रिस्ती सेल्फ हेल्पची आठ-नऊ पुस्तकं अर्धवट पडलीयेत. एकच काहीतरी सुचवा प्लीज.

साधामाणूस:
ताई, नववं-दहावं पुस्तक आणूच नका, तोही पसाराच. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय काढा आणि १९व्या ओवीपासून वाचा. आपण सगळे थेट २५ला उडी मारतो, पाखरं, रानातली फुलं वगैरे, कारण फ्रेमवर तेवढंच छापलेलं असतं. पण २५ची सुरुवातच "ह्यास्तव" अशी आहे. कशास्तव? तर आधी कसर (कपडे खाणारी कीड) आणि जंग लागणारी संपत्ती, मग देव आणि धन दोघांची चाकरी होत नाही, आणि त्यानंतर चिंता करू नका. म्हणजे तुमचं कपाट आणि तुमची तीनची जाग हा येशूच्या बोलण्यात एकच विषय आहे, आपण उगाच दोन करून ठेवलेत. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली 😅

मार्थाची_मैत्रीण:
+१. आणि विश्वास कमी म्हणणाऱ्यांना जुन्या करारातल्या १ राजे पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला द्या. एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने पळाला, झुडपाखाली बसून मरण मागतोय, आणि देवदूत काय करतो? उठवून भाकर-पाणी देतो. तो खाऊन परत झोपतो, परत उठवून परत खायला देतो. प्रवचन नाही की रागावणं नाही! देव बोलतो ते फार नंतर. तुम्ही रात्री जेवता का नीट? मोबाईल उशाशी असतो का? सिरियसली विचारतेय.

पहाटवारा:
मोबाईल उशीखालीच 🙈 जाग आली की आधी बँक बॅलन्स बघते.

मार्थाची_मैत्रीण:
बघा! चार्जर स्वयंपाकघरात न्या आजच.

कोपऱ्यातला:
पुस्तकच हवं असेल तर रिचर्ड फॉस्टर या ख्रिस्ती लेखकाचं सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन, १९७८चं आहे. सगळं नको, साधेपणावरचं एकच प्रकरण वाचा. वस्तू घ्यायची ती उपयोगासाठी, मिरवायला नाही, आणि देऊन टाकायची सवय लावायची, असा रोखठोक माणूस. मी त्यानंतर आठवड्याला एक वस्तू द्यायला लागलो. पहिल्यांदा एक जाकीट होतं, दोन वर्षं घातलं नव्हतं तरी दारापर्यंत नेऊन परत आणलं, खिसे तपासायचे राहिले म्हणे! खिशात काही नव्हतं, नुसती भीती, पुढे लागलं तर काय. बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरखेवाल्याला सरळ एक दे म्हणतो, ते तेव्हा कळलं.

नर्सबाई:
एक कडू बोलू का, राग मानू नका. वर्षभर झोप मोडतेय, छातीत धडधड किंवा घाम असेल तर डॉक्टरांना दाखवा, लागलं तर समुपदेशक. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. बाकी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात, ४:६ मध्ये, मागण्यासोबत आभारही सांगितलेत आणि ते लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी बेड्यांत होता. तुमच्या यादीत दर काळजीच्या शेजारी आभाराची एक ओळ लिहून बघा, छोटीशी चालेल.

साधामाणूस:
नर्सबाईंशी सहमत. फक्त सगळं एकदम सुरू करू नका हो, नाहीतर साधेपणाचंच टेन्शन यायचं.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतलीय. चार्जर हलवला, काल तीनला जाग आलीच पण बॅलन्स बघायला उठून स्वयंपाकघरात जायचा कंटाळा आला, पडून राहिले. आईचं आभारात लिहिलं, आज तिनेच मला फोन करून झोपलीस का विचारलं म्हणून. जाकीटवाले दादा, माझ्याकडे तशा तीन आहेत, शनिवारी बघते.