गोल्डनआय आणि परफेक्ट डार्क आज खेळायचे तर कुठल्या आवृत्तीत? आणि स्विचवरचे कंट्रोल्स सरळ कसे करायचे?

रात्रपाळी
निन्टेन्डो ६४ या जुन्या कन्सोलवरचे गोळीबाराचे दोन गेम, १९९७चा जेम्स बाँडचा गोल्डनआय ००७ आणि २०००चा परफेक्ट डार्क, दोन्ही नीट संपवायचे आहेत, जमलं तर सगळ्यात अवघड पातळीवर. हाताशी आहे ते असं: निन्टेन्डो स्विच (प्रो कंट्रोलर आहे, निन्टेन्डोच्या ऑनलाइन वर्गणीचा, जुने गेम देणारा एक्स्पान्शन पॅकही चालू आहे), एक्सबॉक्स सिरीज एस, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला विंडोज लॅपटॉप.

स्विचवर गोल्डनआय चालू केला की डाव्या स्टिकने बाँड पुढे-मागे जातो आणि वळतोही त्याच स्टिकने. बाजूला सरकायला उजवी स्टिक. गोळी झाडायची डाव्या हाताच्या झेडएलने. वर बघायला जावं तर नजर खाली जाते. हे असंच आहे की कुठे सेटिंग चुकतंय? आणि नवा म्हणून जो रीमेक सांगतात तो नेमका कोणता?

पिक्सेलवेडा
सेटिंग चुकलेलं नाही. तो निन्टेन्डो ६४चा मूळ गेम आहे, एम्युलेटरमध्ये (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालणारा. त्या कंट्रोलरला एकच स्टिक होती आणि उजवीकडे चार पिवळी सी बटणं. स्विचच्या उजव्या स्टिकवर ती चार बटणं बसवली आहेत, म्हणून सगळं उलटंपालटं वाटतं. दुरुस्ती दोन ठिकाणी करायची, एक गेममध्ये आणि एक कन्सोलमध्ये. एकच केली तर आणखी गोंधळ होतो.

गेममध्ये: मिशन सुरू करून स्टार्ट (प्रो कंट्रोलरवर +) दाबा, बाँडचं घड्याळ उघडेल. कंट्रोलच्या पानावर १.१ हनी असतं, ते १.२ सॉलिटेअर करा. या मांडणीत स्टिक म्हणजे नजर आणि सी बटणं म्हणजे पाय. मग ऑप्शन्सच्या पानावर ‘लुक अप/डाउन’ रिव्हर्सवर असेल ते अपराइट करा. नजर उलटी जाते ती एवढ्यामुळेच. तिथेच ‘रेशो’ आहे, तो १६:९ करून ठेवा. हा पर्याय १९९७पासूनच गेममध्ये आहे.

कन्सोलमध्ये: सिस्टम सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, चेंज बटन मॅपिंग. प्रो कंट्रोलर निवडा आणि
– डाव्या स्टिकला उजवी, उजव्या स्टिकला डावी नेमा
– झेडआरला झेडएल नेमा (गोळी)
– झेडएलला आर नेमा (नेम धरणं)
– मोकळं राहिलेलं आर हवं तर ए करा (शस्त्र बदलणं)

झालं की ही मांडणी फेव्हरिट म्हणून जतन करा. मॅपिंग अख्ख्या कन्सोलला लागू होतं. गेम बंद करून दुसरं काही उघडलंत तर तिथेही स्टिक उलट्याच असतील, म्हणून बाहेर पडताना मूळ मांडणी परत आणायची.

एक उणीव मात्र राहणारच. सी बटणं म्हणजे चालू किंवा बंद, मधलं काही नाही. त्यामुळे डावी स्टिक हलकेच ढकलली तरी बाँड पूर्ण वेगाने निघतो. हळू चालणं या मांडणीत नाहीच. नेम धरून तीच स्टिक खाली ओढली की तो खाली बसतो, आणि स्नायपर हातात असेल तर त्याच स्टिकने झूम होतो. बसायचं कसं हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही.

कीबोर्डवाला
वरचं सगळं बरोबर. पण सिरीज एस घरात असताना गोल्डनआयसाठी स्विचवर एवढी खटपट कशाला?

दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी आल्या, २७ जानेवारी २०२३ला. रीमेक यातली एकही नाही, खेळ तोच आहे. एक्सबॉक्सची आवृत्ती कोड मिस्टिक्सने केली: ४केपर्यंत चित्र, सुरुवातीपासून दोन स्टिकची सोय, आणि फ्रेम रेट बराच स्थिर. मूळ कन्सोलवर दोन-तीन स्फोट एकदम झाले की चित्र अडखळायचं, ते इथे जाणवत नाही. मोबदल्यात ऑनलाइन मल्टिप्लेअर नाही, एकाच टीव्हीवर चौघे एवढंच. ऑनलाइन फक्त स्विचवर. तिथेही अनोळखी लोक आपोआप जोडून मिळत नाहीत, ओळखीच्यांना बोलवावं लागतं, आणि प्रत्येकाला पडद्यावर चौघांचे चारही चौकोन दिसतात. म्हणजे दुसऱ्याच्या चौकोनात डोकावण्याची जुनी खोड समुद्रापलीकडूनही चालू राहते. मल्टिप्लेअरच्या मेनूत कंट्रोल स्टाइल वेगळी निवडायची असते, ती विसरू नका. आणि ऑडजॉब या पात्रावर बंदी हवीच. तो इतका बुटका आहे की ऑटो-एमच्या (आपोआप धरलेल्या नेमाच्या) गोळ्या त्याच्या डोक्यावरून जातात.

विकत घेताना लोक फसतात ते इथे: एक्सबॉक्सवर गोल्डनआय सुटा मिळत नाही. एक तर गेम पास ही एक्सबॉक्सची वर्गणी, नाही तर रेअर रिप्ले हा रेअर कंपनीच्या जुन्या गेमांचा संच डिजिटल स्वरूपात विकत घेतलेला हवा. रेअर रिप्लेची डिस्क असेल तर ती मोजली जात नाही, आणि सिरीज एसला डिस्कचा खण नाहीच. गेम पासच्या कोणत्या प्रकारात तो सध्या आहे हे पैसे भरण्याआधी स्टोअरमध्ये पाहा. पीसीच्या गेम पासमध्ये शोधत बसू नका, हा कन्सोलचा गेम आहे.

रात्रपाळी
रेअर रिप्ले डिजिटलच घेतो मग. त्यातच परफेक्ट डार्क येतो ना? की तो स्विचवरचा बरा?

कीबोर्डवाला
येतो, आणि तो एक्सबॉक्स ३६०साठी २०१०मध्ये फोरजे स्टुडिओजने केलेला रीमास्टर आहे: १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम्स, नायिका जोआनाचा चेहरा आणि बंदुका नव्याने घडवलेल्या. रेअर रिप्लेमधले ३६०चे गेम वेगळे उतरवावे लागतात. मुख्य गेम उतरला आणि परफेक्ट डार्क दिसत नाही असं झालं तर घाबरू नका, त्याचं डाउनलोड बाकी असतं. कंट्रोल्समध्ये ‘स्पार्टन’, ‘ड्यूटी कॉल्स’ आणि ‘क्लासिक’ अशा मांडण्या आहेत. पहिल्या दोन हेलो आणि कॉल ऑफ ड्यूटी या गेमांवरून घेतल्या आहेत. कॉल ऑफ ड्यूटीची सवय असेल तर दुसरी घ्या.

स्विचवर परफेक्ट डार्क जून २०२४मध्ये आला, पण ‘मॅच्युअर १७+’ या वेगळ्या अॅपमध्ये. नेहमीच्या निन्टेन्डो ६४ अॅपमध्ये शोधलात तर सापडणार नाही. भारतासाठी स्वतंत्र ईशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) नसल्याने खातं ज्या देशाचं असेल त्याच देशाच्या ईशॉपमधून ते अॅप घ्यायचं. पिक्सेलवेडा यांनी दिलेलं मॅपिंग १.२ निवडून तिथेही तसंच चालतं. मात्र चित्र २००० सालचं आणि अडखळणंही त्याच सालचं.

टेकडीवरचा
परफेक्ट डार्कसाठी लॅपटॉपला विसरू नका, माझ्या मते सगळ्यात चांगली आवृत्ती तिथेच आहे. चाहत्यांनी गेमचा कोड डीकम्पाइल केला, म्हणजे तयार गेमवरून वाचता येईल असा कोड परत मिळवला, आणि त्यावरून मोफत पीसी पोर्ट (थेट विंडोजवर चालणारी आवृत्ती) तयार झाला. एम्युलेटर लागत नाही, माउसने नेम धरता येतो, ६० फ्रेम्स सहज मिळतात आणि प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्सही पुरतं. पोर्टसोबत गेमचा डेटा येत नाही, स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेली रॉम (गेमच्या डेटाची फाइल) लागते.

न चालण्याची कारणं बहुतेक वेळा हीच असतात:

रॉम अमेरिकी १.१ हवी. १.० दिली तर चालत नाही.

रॉमचा प्रकार z६४ हवा. v६४ किंवा n६४मध्ये बाइट्सचा क्रम वेगळा असतो, नुसतं नाव बदलून भागत नाही, रूपांतर करावं लागतं. आकार बरोबर ३२ एमबी.

गेमच्या फाइलशेजारी ‘डेटा’ नावाचं फोल्डर हवं आणि रॉम त्यात, नावासकट अचूक: पीडी, टिंब, एनटीएससी-फायनल, टिंब, झेड६४. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नाव बदलताना शेवटी दोनदा झेड६४ लागतं आणि ‘रॉम सापडली नाही’ हा संदेश येत राहतो. एक्स्प्लोररमध्ये आधी फाइलची एक्स्टेन्शन्स दिसू द्या.

चालू झालं की एक्स्टेंडेड ऑप्शन्समध्ये जाऊन माउसचा वेग आणि दृष्टीचा कोन ठरवा. कोन थोडाच वाढवा. फार वाढवलात की बंदूक आखूड दिसते आणि दूरचा माणूस ठिपक्याएवढा होतो.

गोल्डनआय लॅपटॉपवर माउसने खेळायचा तर १९६४ एम्युलेटरची खास याच दोन गेमांसाठी केलेली आवृत्ती आहे, माउस इंजेक्टरसकट. हा इंजेक्टर स्टिकची नक्कल करत नाही, मेमरीत कॅमेऱ्याची दिशा थेट लिहितो. म्हणून माउस खरोखर माउससारखा लागतो. साध्या एम्युलेटरमध्ये माउस स्टिकवर नेमला तर जी चिकट हालचाल मिळते ती इथे नाही.

पिक्सेलवेडा
मूळ प्रश्नातला ‘नवा रीमेक’ राहिला. तो बहुधा २०१०चा, युरोकॉमने निन्टेन्डोच्या वी कन्सोलसाठी केलेला गोल्डनआय. पुढच्या वर्षी ‘रीलोडेड’ नावाने पीएस३ आणि ३६०वर आला. त्यात बाँड म्हणून ब्रॉस्ननच्या जागी क्रेग, नकाशे नवे आणि जखमा आपोआप भरून येतात. ‘००७ क्लासिक’ ही पातळी निवडली तर मात्र जुन्यासारखं चिलखत शोधावं लागतं. गेम वाईट नाही, पण १९९७ची ‘फॅसिलिटी’ ही मोहीम त्यात शोधायला गेलात तर हिरमोड होईल. तो खेळायला जुनं कन्सोल आणि डिस्क लागेल.

परफेक्ट डार्कचा नवा अवतार २०२०मध्ये जाहीर झाला होता. जुलै २०२५मध्ये तो रद्द झाला आणि तो बनवणारा द इनिशिएटिव्ह स्टुडिओही बंद केला. त्याची वाट बघू नका.

रात्रपाळी
म्हणजे गोल्डनआय एक्सबॉक्सवर, परफेक्ट डार्क लॅपटॉपवर. शेवटचा प्रश्न: फॅसिलिटी ०० एजंट या अवघड पातळीवर २ मिनिटं ५ सेकंदांत संपवली की अमरत्वाची चीट मिळते म्हणतात. एक्सबॉक्सवर ते सोपं जातं का?

कीबोर्डवाला
हात सोपे होतात, नशीब नाही. दार उघडायचा डीकोडर डॉ. डोक या पात्राकडे असतो आणि तो दर वेळी ठरलेल्या काही जागांपैकी एखादीत उभा असतो. लांबच्या जागी निघाला तर २:०५ विसरा. त्याच्यासाठी खोल्या धुंडाळू नका. वाटेवरच्या जागी तो दिसला नाही की लगेच मिशन सोडून पुन्हा सुरू करायचं. शास्त्रज्ञांना गोळ्या लागू देऊ नका, तोही उद्दिष्टाचाच भाग आहे. आणि बॉटलिंग रूममधल्या टाक्यांना रिमोट माइन्स लावताना एक सुटली तर घड्याळ कितीही कमी दाखवत असलं तरी मिशन फेल.