कंटेनरपेक्षा बोल्टचा सांगाडा बरा

साखरशाळेसाठी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या तळाजवळ भरणाऱ्या शाळेसाठी, जुना कंटेनर आणून त्याला खिडक्या कापाव्यात अशी एक सूचना आहे. ती टिकाऊपणापुरती पटते. पण मार्चमध्ये सोलापूरकडच्या उन्हात त्या लोखंडी पेटीत दुपारी मुलं बसवायची कशी? शिवाय ऊसतोड टोळ्यांनी तळ हलवला की क्रेन आणि ट्रेलर आलेच.

दिल्लीत यमुनेच्या पूरपात्रातल्या शेतकरी वस्तीत २०१७ साली उभारलेली मॉडस्कूल ही सुटी करून हलवता येणारी शाळा इथे जास्त उपयोगी उदाहरण वाटते. तिथे पक्कं बांधकाम चालत नाही, आधीची शाळा २०११ मध्ये पाडली गेली होती. म्हणून सांगाडा नट-बोल्टने जोडलेला लोखंडी, आणि भिंतींना बांबू, वाळलेलं गवत, जुनं लाकूड, खाटेसारखी विणकाम केलेली झडपं. वस्तीतल्या लोकांनीच हात लावला. पुढे जागा सोडायची वेळ आली तेव्हा शाळा उलगडून दुसरीकडे नेता आली.

आपल्याकडे करताना छपरावर सगळ्यात जास्त डोकं लावावं. वर पत्रा, खाली बांबूची चटई, मध्ये वीतभर पोकळी आणि ती दोन्ही टोकांना उघडी. म्हणजे पत्र्याची धग वाऱ्याबरोबर निघून जाते, मुलांच्या डोक्यावर उतरत नाही. पाचट फुकट मिळतं म्हणून तेच वर घालायचा मोह होईल, पण शेजारी चुली असतात, ठिणगी उडाली तर काही हाती लागणार नाही. आणि हलकं छप्पर वळवाच्या वाऱ्यात उचललं जातं, तेव्हा खांब जमिनीत नीट जखडायचा खर्च अंदाजपत्रकात पहिला धरा.